सातबारा मागणारा सल्लागार
वाचकांचे प्रश्न : एआयच्या मदतीने प्रकल्पाची आखणी

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारख्या साधनांकडून कामाची आखणी करून घेताना काय अडतं, ते गेल्या अंकात विचारलं होतं. सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

खानापूर तालुका : आमच्याकडे काजूची बाग आहे. बी विकण्यापेक्षा गर काढून विकावा म्हणून एआयला मराठीत विचारलं, तर त्याने पंधरा पानांचा प्रकल्प अहवाल दिला. तो घेऊन चौकशीला गेलो तर कळलं की त्यातले निम्मे कागद आपल्याकडे नसतातच. असं का व्हावं?

तुम्ही मराठीत विचारलंत, म्हणून त्याने तुम्हाला महाराष्ट्रात नेऊन बसवलं. ही साधनं ज्या मजकुरावर घडली, त्यातला मराठी मजकूर बहुतेक महाराष्ट्रातला. त्यामुळे राज्य सांगितलं नाही तर उत्तरात सातबारा येतो, महावितरण येतं आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ येते. खानापूरला लागू आहे तो कर्नाटक जमीन महसूल अधिनियम १९६४. शेतजमीन बिगरशेती करायची तर त्याचं कलम ९५ पाहायचं. सातबाऱ्याच्या जागी ‘भूमी’ या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या प्रणालीवरची आरटीसी, म्हणजे पहाणी. आपण तोंडाने तिलाही उताराच म्हणतो, आणि एआयचा घोळ तिथेच वाढतो. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा उतारा. वीज हेस्कॉमची, दाखले नाडकचेरीतून.

प्रत्येक नव्या संभाषणाच्या डोक्यावर हा मजकूर चिकटवा : ‘जागा कर्नाटक राज्यात, जिल्हा बेळगाव, तालुका खानापूर. कायदे, कार्यालयं, वीज कंपनी कर्नाटकातलीच धर. महाराष्ट्रातला दाखला किंवा योजना सुचवू नकोस. खात्री नसेल तिथे फक्त “चौकशी करा” असं लिही.’ फोनमधल्या नोंदवहीत तो साठवून ठेवा. संभाषण लांबलं की सुरुवातीची अट याच्या हातून निसटते आणि विसाव्या प्रश्नाला सातबारा परत डोकं वर काढतो. तसं झालं की वाद घालत बसू नका, नवं संभाषण उघडा.

पत्त्याच्या चुका कार्यालयात गेल्यावर तरी कळतात. आकड्यांच्या चुका कळायला वर्ष जातं, म्हणून अहवालातले तीन आकडे आधी तपासा.

पहिला बियांतून निघणाऱ्या गराचा. शंभर किलो बियांतून गर साधारण पाव हिस्सा धरावा. बी चांगली असेल तर थोडा वर जातो. अहवालात सरळ ३० टक्के धरलेले असतील तर पाच टन बियांमागे १,५०० किलो गर दिसेल. पाव हिश्शाने तो १,२५० किलोच भरतो. हे अडीचशे किलो म्हणजे कागदावरचा नफा. आपल्या बागेची दहा किलो बी घ्या, वाळवा, फोडा, सोला आणि गर तोलून तो आकडा एआयला द्या.

दुसरा खेळत्या भांडवलाचा. एआय वर्षाची खरेदी बारा महिन्यांत सारखी वाटतो. काजू बी मिळते ती उन्हाळ्यात, आणि खानापूरचा पाऊस सुरू व्हायच्या आत ती वाळवून पोत्यात भरावी लागते. ओलसर राहिली तर बुरशी धरते, गर काळपट पडतो. म्हणजे वर्षभराच्या बियांचे पैसे आठ-दहा आठवड्यांत मोजायचे आणि माल वर्षभर विकायचा. ‘खरेदी फक्त मार्च ते मे, विक्री बारा महिने, महिनावार रोख आवक-जावक दाखव’ असं सांगितलं की कोणत्या महिन्यात हात आखडतो ते लगेच दिसतं.

तिसरा अनुदानाचा. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) सारख्या योजनेत अनुदान उद्योजकाच्या हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेतच मुदत ठेवीसारखं राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. एआय मात्र ते पहिल्या दिवशीच्या रोख रकमेत धरून यंत्रं घेऊन टाकतो. पहिली आखणी अनुदान शून्य धरून करायला लावा. तशी तग धरत असेल तरच बँकेत जा.

हुक्केरी तालुका : एक एकर संकेश्वरी मिरचीला ठिबक बसवायचं आहे. एआयने एकदा १,३५० मीटर नळी सांगितली, दुसऱ्यांदा ३,४००. कोणता आकडा खरा?

दोन्ही खरे. तुम्ही दोन ओळींतलं अंतर दिलं नसेल. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. नळ्या १.२ मीटरवर टाकल्या तर ४,०४७ भागिले १.२, म्हणजे ३,३७२ मीटर. तीन मीटर धरलं की १,३४९. दोन्ही वेळा त्याने अंतर मनानेच धरलं आणि तसं सांगितलं नाही. म्हणून यादी मागायच्या आधी विचारायचं : ‘हिशेबाला तुला माझ्याकडून कोणती मापं लागतील? ती मिळेपर्यंत उत्तर देऊ नकोस.’

तुमच्या कामाला लागणारी मापं अशी : शेताची लांबी-रुंदी मीटरमध्ये, दोन ओळींतलं अंतर, उतार कुठून कुठे, बोअरपासून शेताच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, थ्री फेज रोज किती तास, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोअर तासाला किती पाणी देते. ‘दीड इंची पाणी’ म्हणून भागत नाही. दोनशे लिटरचं बॅरल आणि फोनमधलं घड्याळ घ्या. पंप तासभर चालू द्या, मगच बॅरल भरा. सुरुवातीचं पाणी बोअरमध्ये साठलेलं असतं, ते फसवतं. हे माप एप्रिल-मेमध्ये घ्यावं. जानेवारीतलं माप उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही.

समजा बॅरल दोन मिनिटांत भरलं. तासाला ६,००० लिटर झाले. आता ३,३७२ मीटर नळीवर दर ४० सेंटिमीटरला एक तोटी धरली तर ८,४३० तोट्या. तोटी तासाला दोन लिटरची असेल तर सगळं शेत एकदम भिजवायला १६,८६० लिटर लागतील. बोअर देते सहा हजार. एआयने एकच व्हॉल्व्ह दाखवला असेल तर शेवटच्या ओळींत थेंबही येणार नाही. भागाकाराने तीन भाग पुरतात असं वाटेल, प्रत्येकी ५,६२० लिटर. पण बॅरलमध्ये मोकळं पडणारं पाणी आणि फिल्टरमधून दाबाखाली जाणारं पाणी सारखं नसतं, दाब आला की कमी भरतं. म्हणून चार भाग करा, प्रत्येकी ४,२१५ लिटरचे. दिवसाला ४ मिलिमीटर पाणी द्यायचं तर एकराला सुमारे १६,२०० लिटर, म्हणजे प्रत्येक भागाला ५८ मिनिटं आणि चारही भागांना चार तासांच्या आत. थ्री फेज तेवढा वेळ टिकत नसेल तर एक दिवसाआड दोन-दोन भाग घेऊनही भागत नाही, कारण मग प्रत्येक भागाला वेळ दुप्पट लागतो.

शेताचा हाताने काढलेला नकाशा फोटो काढून देता येतो, पण त्यावरून त्याने काय वाचलं ते आधी परत लिहून घ्या. ६२ चं ६७ होणं नेहमीचं. नळीची एका बाजूची लांबी किती चालेल, ते मात्र त्याला विचारू नका. तो तक्ता नळी विकणाऱ्या कंपनीचा असतो, आणि तोटी व उतार यांप्रमाणे बदलतो.

बेळगाव, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ईएसपी-३२ या वायफायच्या छोट्या बोर्डावर ओलावा मोजून पंप चालू-बंद करणारं यंत्र करतेय. कोड एआयने दिला. वायफाय नसताना चालतो, वायफाय जोडलं की ओलाव्याचे आकडे भरकटतात. शिवाय बोर्ड चालू करताना रिले (पंप चालू-बंद करणारी विजेची कळ) टक करून वाजते.

तुमचा सेन्सर बहुधा ४, २५ किंवा २६ नंबरच्या पिनवर आहे. या पिना एडीसी-२ च्या (एडीसी म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ वर भरवसा ठेवता येत नाही. सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनवर घ्या, त्या एडीसी-१ च्या. ३४ ते ३९ या फक्त इनपुटच्या आहेत, तेव्हा रिले चुकूनही तिकडे नेऊ नका. रिलेचा टक आवाज येतो कारण बरीच मॉड्यूल्स उलट्या तत्त्वावर चालतात : सिग्नल खाली गेला की रिले ओढली जाते. पिन आउटपुट झाल्याक्षणी तिच्यावर ‘हाय’ असायला हवं. आणि मॉड्यूल ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर पूर्ण सुटतं का तेही पाहा. पाच व्होल्टची काही मॉड्यूल्स अर्धवट अडकून राहतात.

बझरसाठी त्याने लेडसी-सेटअप आणि लेडसी-अटॅचपिन वापरले असतील तर कोड चढणारच नाही. आर्डुइनोच्या ईएसपी-३२ पॅकेजच्या तिसऱ्या आवृत्तीत ती फंक्शन्स काढून लेडसी-अटॅच आणलं. एआयच्या डोक्यात जुने नमुने जास्त. म्हणून प्रश्नातच बोर्डाचं पूर्ण नाव आणि पॅकेजची आवृत्ती लिहावी.

आता खरी काळजीची गोष्ट. प्रयोगशाळेतला छोटा पंप ठीक आहे, पण प्रात्यक्षिकासाठी शेतातल्या पाच एचपी थ्री फेज मोटरला हात लावणार असाल तर एआयची जोडणी तशीच उतरवू नका. ‘दहा अँपिअरची रिले आहे, मोटर साडेसात अँपिअर घेते, म्हणजे चालेल’ असा हिशेब तो करतो. मोटर सुरू होताना त्याच्या पाच-सहापट करंट ओढते, आणि तीन फेज एका रिलेने तुटत नाहीत. बरं, ‘स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडा’ असंही तो सांगतो. तत्त्व बरोबर, पण स्टार्टरची कॉइल पुष्कळदा ४१५ व्होल्टची असते आणि तुमच्या रिलेवर २५० व्होल्ट छापलेलं आहे. मध्ये योग्य व्होल्टेजची वेगळी रिले लागते आणि ते काम वायरमनचं.

स्टार्टर बटणावर चालतो, म्हणजे कोडची रीतही बदलते. चालू करायला सेकंदभराचा एक इशारा, हिरव्या बटणाला समांतर. बंद करायला दुसरी रिले, लाल बटणाशी सीरिजमध्ये. रिले ओढून धरणारा कोड इथे चुकीचा. वीज गेली की स्टार्टर आपोआप सुटतो, पण तुमचा बोर्ड बॅटरीवर असेल तर तो ‘पंप चालू आहे’ असंच समजत बसतो. म्हणून एआयकडून आधी कोड मागू नका, अवस्थांची यादी मागा : बंद, सुरू होतंय, चालू, वीज गेली, बिघाड. प्रत्येक अवस्थेतून कुठे जायचं ते कागदावर उतरलं की मग कोड. सेन्सरची वायर उंदराने तोडली तर आकडा ‘कोरडं’ येऊ शकतो आणि मग पंप थांबणारच नाही. तेव्हा एका वेळी साठ मिनिटांची कमाल मर्यादा कोडमध्ये असलीच पाहिजे. आठवडाभर मोटरऐवजी बल्ब लावून चालवा.

उद्यमबाग, बेळगाव : मशीन शॉप आहे. ४०० पंप केसिंगची ऑर्डर, एका नगाला १४ मिनिटं, एक पाळी. एआयने १२ दिवस सांगितले, तसा शब्द दिला आणि तोंडघशी पडलो. कुठे चुकलं?

त्याने ४८० मिनिटांना १४ ने भागलं, ३४ नग. चारशेला ३४ ने भागून बारा दिवस. शाळेतलं गणित. पाळीतली खरी मशीनची मिनिटं ऐंशी टक्के धरा, ३८४. रोजचे २७ नग. कास्टिंगमध्ये पाच टक्के बाद धरले (पोकळ्या मशीनवर चढल्यावरच उघड्या पडतात) तर ४२२ नग चढवावे लागतात. झाले १६ दिवस. पण तुमचं गाडं बहुधा मशीनवर अडलेलं नाही. फाउंड्री सुरुवातीला आणि मग दर पाच दिवसांनी शंभर नग देत असेल तर पाचवा हप्ता विसाव्या दिवशी येतो आणि काम एकविसाव्याला संपतं. पाच दिवसांत तुमचं मशीन १३५ नग करू शकतं, म्हणजे ते मधूनमधून रिकामंच बसतं. अशा वेळी दुसरी पाळी लावून काही हाती लागत नाही, फाउंड्रीकडून हप्ता वाढवून घ्यायला हवा. शिवाय सेटिंग आणि पहिल्या नगाची मंजुरी आहेच.

एआयला उत्तर विचारण्यापेक्षा तक्ता मागा : ‘एक्सेलची सूत्रं दे. मशीनची मिनिटं, कार्यक्षमता, बाद टक्के, हप्त्याचा आकार आणि हप्त्यांतलं अंतर या पाच वेगळ्या चौकटी ठेव.’ बोलता बोलता केलेल्या गुणाकारात तो चुकतो, सूत्रात आकडा बदलला की हिशेब आपोआप बदलतो.

आणखी एक. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग जसंच्या तसं चढवू नका. मोटारीच्या किंवा पंपाच्या मोठ्या कंपन्यांशी गोपनीयतेचा करार असतो. नावाची चौकट कापा, लागतील तेवढीच मापं शब्दांत द्या, आणि आपलं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू नये असा पर्याय सेटिंग्जमध्ये असतो तो निवडा.

निपाणी परिसर : गावच्या मराठी वाचनालयात सुमारे तीन हजार पुस्तकं आहेत. फोटोवरून सूची करून घेता येईल का?

येईल, आणि या कामाला हे साधन खरंच चांगलं आहे. फोटो मुखपृष्ठाचा घेऊ नका, तिथली अक्षरं नक्षीदार असतात. आतलं शीर्षकपान आणि त्याच्या पाठीमागचं प्रकाशनाचं पान घ्या. कागदाच्या चिठ्ठीवर दाखलांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) ठसठशीत लिहून ती फोटोत ठेवा, नाहीतर ओळ कोणत्या पुस्तकाची हे नंतर जुळत नाही. एका वेळी पंधरा-वीसच फोटो. जास्त दिले की मधली पुस्तकं गाळून तो बिनधास्त ‘पूर्ण झालं’ म्हणतो. दोघांनी मिळून मिनिटाला एक पुस्तक केलं तर पन्नास तास, रोज दोन तास बसून पंचवीस दिवस.

सूचना नेमकी द्या : ‘दिसतं तेवढंच लिही. न दिसणारं रकान्यात कोरं सोड. आद्याक्षरांचं पूर्ण नाव करू नकोस.’ हे शेवटचं न सांगितलं तर तो लेखकाचं नाव आपल्या मनाने फुलवतो आणि भलत्याच माणसाच्या नावावर पुस्तक चढतं. जुन्या छपाईत ष आणि प, घ आणि ध, भ आणि म यांत गल्लत होते. वर्ष शके असेल तर दोन रकाने ठेवा : शके छापलं तसं, आणि इसवी सन ७८ मिळवून. शके १८७० म्हणजे १९४८, जानेवारी ते मार्चच्या नोंदीला एक वर्ष पुढे. दाखलांक आणि किंमत इंग्रजी आकड्यांत लिहायला लावा, कारण देवनागरी आकडे एक्सेल मजकूर समजतो आणि १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

दर दहावी ओळ पुस्तक हातात घेऊन ताडून पाहा. ताडलेल्या वीस ओळींत दोन चुका निघाल्या तर त्या सगळ्या तुकड्या पुन्हा करा.

चिकोडी तालुका : कार्यालयात अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागतो. मराठीत सांगून एआयकडून कन्नड करून घेतला तर चालेल?

साध्या अर्जाला चालतो. मराठीत छोटी वाक्यं द्या, एका वाक्यात एकच मागणी. तयार झालेला कन्नड मजकूर नव्या संभाषणात टाकून ‘याचं मराठी कर’ म्हणा आणि मूळ मागणी तीच उरली का पाहा. त्याच संभाषणात विचारलं तर आधीचं मराठीच तो परत वाचून दाखवतो, त्यात तपासणी होत नाही. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि खातेदाराचं नाव पहाणीवर कन्नडमध्ये जसं छापलं आहे तसंच अक्षरशः उतरवा, ते एआयला करू देऊ नका. आडनावातली एक वेलांटी इकडेतिकडे झाली तरी अर्ज परत येतो. छापण्यापूर्वी कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला एकदा दाखवा, विशेषतः आदरार्थी रूपं. यंत्राचं कन्नड कधीकधी तहसीलदाराला एकेरीत हाक मारतं.